अस्तराची वाढ, संप्रेरकांचे हुकूम: गर्भाशयाच्या कॅन्सरबद्दल पंधरा चटपटीत गोष्टी

'जालना सोने का पालना' हे मराठवाड्यात सगळ्यांना पाठ आहे. बियाणं, मोसंबी, कापूस, लोखंडी सळया आणि आता रेशीम, अशी या जिल्ह्याची ओळख. पीक वाढवायचं कसं आणि वाढ कधी आवरायची, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. वाढवण्याचं आणि आवरण्याचं तेच काम प्रत्येक स्त्रीच्या गर्भाशयात महिन्याच्या महिन्याला चालतं. संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, आणि वाढ-घटक, म्हणजे ग्रोथ फॅक्टर्स, ही त्यातली मुख्य पात्रं. त्यांचा तोल बिघडला की गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी मोकाट वाढू लागतात आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. पण वेळीच लक्ष दिलं तर या आजारावर मात करता येते, म्हणून या गोष्टी घराघरांत माहीत असायला हव्यात.

१. रेशीमकोषाचं गर्भाशयाशी नातं

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ मध्ये रेशीमकोषांची खरेदी-विक्री सुरू झाली. चांगला वाळलेला कोष कानाशी धरून हलवला की आत खुळखुळ वाजतं. ती असते कात टाकून कोषावस्थेत गेलेली अळी. कात कधी टाकायची, हे तिला एक्डायसोन नावाचं संप्रेरक सांगतं. जर्मनीच्या ॲडॉल्फ बुटेनान्ट आणि पीटर कार्लसन यांनी १९५४ मध्ये रेशीमकिड्यांच्या ५०० किलो कोशितांतून ते वेगळं काढलं. हाती आले अवघे २५ मिलिग्रॅम स्फटिक! याच बुटेनान्टनी त्याआधी २५ वर्षं, म्हणजे १९२९ मध्ये, गरोदर स्त्रियांच्या लघवीतून इस्ट्रोन हे इस्ट्रोजेन कुळातलं संप्रेरक शुद्ध स्वरूपात मिळवलं होतं. अमेरिकेत एडवर्ड डॉइझी यांनीही त्याच वर्षी ते मिळवलं. अळीचं कात टाकणं आणि स्त्रीची पाळी, दोन्हींमागची संप्रेरकं स्टेरॉइड जातीची आहेत. पेशीतली जी ग्राहक-प्रथिनं ती पकडतात, तीही एकाच घराण्यातली.

२. आयुष्यात सुमारे ४०० वेळा नवं अस्तर

पाळी संपते तेव्हा गर्भाशयाचं अस्तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरतं. मग बीजांडकोशातून इस्ट्रोजेन येतं आणि दोन आठवड्यांत ते अस्तर कितीतरी पट जाड होतं. स्त्रीच्या आयुष्यात असं साधारण ४०० वेळा घडतं. एवढ्या वेगानं, एवढ्या वेळा नव्यानं उभा राहणारा अवयव शरीरात क्वचितच दुसरा सापडेल.

कपाशी नुसतीच फोफावत गेली तर शेतकरी शेंडा खुडतो. उंची थांबते, ताकद बोंडांकडे वळते. बीज सुटल्यानंतर येणारं प्रोजेस्टेरॉन अस्तराच्या बाबतीत हेच करतं. पेशींची वाढ थांबवतं आणि त्यांना गर्भ रुजवण्याच्या तयारीला लावतं. महिनोन्महिने बीज सुटलंच नाही तर प्रोजेस्टेरॉन येत नाही आणि इस्ट्रोजेनला आवरणारं कुणी उरत नाही. पीसीओएस (बीजांडकोशाचा संप्रेरक-विकार) असलेल्या मुलींमध्ये आणि पाळी जाण्याच्या वयात हे बऱ्याचदा घडतं. अस्तर जाड होत जातं आणि काही जणींमध्ये पुढे त्यातल्या पेशींचं रूपच बदलू लागतं.

३. संप्रेरक धरून ठेवणारा अवयव

इस्ट्रोजेन रक्तातून सगळ्या शरीरात फिरतं. मग गर्भाशयच एवढं कसं वाढतं? शिकागोच्या एलवूड जेन्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन उंदराच्या माद्यांना टोचलं आणि ते कुठे जातं यावर पाळत ठेवली. स्नायूंमध्ये ते आलं आणि निघून गेलं. गर्भाशयानं मात्र ते धरून ठेवलं. म्हणजे तिथल्या पेशींत त्याला पकडणारं काहीतरी होतं. तेच पुढे इस्ट्रोजेनचं ग्राहक-प्रथिन म्हणून ओळखलं गेलं. कॅन्सरच्या गाठीत ही ग्राहक-प्रथिनं आहेत की नाहीत, हे आज प्रयोगशाळेत तपासतात आणि उपचार ठरवताना तो अहवाल कामी येतो.

४. वेळेआधी डोळे उघडलेली पिल्लं

उंदराची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले असतात. साधारण दोन आठवड्यांनी ते उघडतात. स्टॅन्ली कोहेन यांनी नराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर आठवड्याभरातच डोळे उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कात पेशींना 'वाढा' असं सांगणारं एक छोटंसं प्रथिन होतं. त्याचं नाव एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात ईजीएफ. कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना वाढ-घटकांच्या शोधासाठी १९८६ चं नोबेल मिळालं. पिल्लांच्या पापण्यांवर काम करणारं हे प्रथिन गर्भाशयाच्या अस्तरातही काम करतं.

५. हुकूम एकाचा, काम दुसऱ्याचं

इस्ट्रोजेन अस्तराला वाढायला लावतं, पण बरंचसं काम ते दुसऱ्यांकडून करून घेतं. त्याच्या सांगण्यावरून गर्भाशयातल्या पेशी ईजीएफ आणि आयजीएफ-१ असे वाढ-घटक तयार करतात आणि शेजारच्या पेशींना पोचवतात. १९९१ च्या एका प्रयोगात बीजांडकोश काढलेल्या उंदराच्या माद्यांना इस्ट्रोजेनऐवजी नुसतं ईजीएफ दिलं, तरी गर्भाशयातल्या पेशी वाढल्या! पुढे कळलं की या कामालाही इस्ट्रोजेनचं ग्राहक-प्रथिन लागतंच. दोघांचे रस्ते आतून एकमेकांना मिळालेले आहेत. त्यामुळे कॅन्सरच्या पेशींचा एक रस्ता बंद केला तर त्या कधीकधी दुसऱ्या रस्त्यानं वाढत राहतात.

६. प्रोजेस्टेरॉनची तिहेरी तटबंदी

प्रोजेस्टेरॉन तीन बाजूंनी वाढ आवरतं. पहिलं म्हणजे, इस्ट्रोजेनच्या ग्राहक-प्रथिनांची संख्या कमी करतं. दुसरं, अस्तरात एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाढवून इस्ट्राडायोल या जोरदार इस्ट्रोजेनचं सौम्य इस्ट्रोन करून टाकतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत भारी आहे. ते अस्तरातल्या पेशींकडून आयजीएफबीपी-१ नावाचं प्रथिन बनवून घेतं, आणि हे प्रथिन आयजीएफला पकडून ठेवतं. वाढीचा निरोप घेऊन निघालेला वाढ-घटक वाटेतच अडतो.

७. इन्सुलिनही वाढीच्या बाजूनं

इन्सुलिन म्हटलं की साखर आठवते. पण इन्सुलिन आणि आयजीएफ ही एकाच कुटुंबातली. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त प्रमाणात सोडतं. हे वाढलेलं इन्सुलिन अस्तराच्या पेशींना थेट वाढायला सांगतं. शिवाय आयजीएफला अडवणारं प्रथिन यकृतात कमी बनू लागतं आणि बीजांडकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात. टाइप-२ मधुमेह आणि अस्तराचा कॅन्सर बऱ्याचदा एकाच बाईला का गाठतात, याचं एक मोठं कारण इथे आहे. रोजचं चालणं, साखर आटोक्यात ठेवणं आणि वेळेवर औषध घेणं, या तिन्हींचा फायदा गर्भाशयालाही होतो.

८. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन येतं कुठून?

पाळी गेली, बीजांडकोश थंडावले, म्हणजे इस्ट्रोजेन संपलं असं वाटतं. तसं होत नाही. अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनडायोन नावाचं संप्रेरक बनवत राहतात आणि शरीरातली चरबी ॲरोमॅटेज या विकराच्या मदतीनं त्याचं इस्ट्रोन करते. चरबी जितकी जास्त, तितकं इस्ट्रोजेन जास्त. या वयात ते आवरायला प्रोजेस्टेरॉन तर नसतंच. लठ्ठपणाशी सर्वांत घट्ट नातं असलेल्या कॅन्सरांमध्ये अस्तराच्या कॅन्सरचं नाव अगदी वर आहे. भारतात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपेक्षा हा कॅन्सर कमी आढळतो. पण शहरांमध्ये त्याचं प्रमाण वाढतंय आणि बैठी राहणी आता तालुक्याच्या गावीही पोचली आहे.

९. लगाम तुटतो तेव्हा

वाढ-घटकाचा निरोप पेशीच्या आत पोचला की तिथे निरोपांची एक साखळी सुरू होते. पीटेन नावाचं प्रथिन त्या साखळीला लगाम घालतं. अस्तराच्या कॅन्सरचा जो सर्वांत नेहमीचा प्रकार आहे, त्यातल्या निम्म्याहून अधिक गाठींत हे पीटेन बिघडलेलं किंवा नाहीसं झालेलं असतं. मग इन्सुलिन आणि आयजीएफचा थोडासा निरोपही पेशीला पुरून उरतो. सगळे प्रकार मात्र सारखे नसतात. लेनिनग्राडच्या यान बोखमान यांनी १९८३ मध्ये अस्तराच्या कॅन्सरचे दोन गट मांडले. एक इस्ट्रोजेनवर पोसणारा, बहुतेकदा सावकाश वाढणारा. दुसरा संप्रेरकांशी फारसा संबंध नसलेला आणि जास्त आक्रमक. पहिल्या गटातल्या रुग्णांची संख्या कितीतरी मोठी आहे.

१०. नुसतं इस्ट्रोजेन नको, जोडी हवी

पाळी गेल्यावरचा त्रास कमी व्हावा म्हणून एके काळी अमेरिकेत बायकांना नुसतं इस्ट्रोजेन देत असत. १९७५ च्या डिसेंबरमध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास छापून आले. असं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांमध्ये अस्तराचा कॅन्सर कितीतरी जास्त दिसला होता. तेव्हापासून गर्भाशय शाबूत असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध देतात.

दोन्ही संप्रेरकं असलेली गर्भनिरोधक गोळी उलट या कॅन्सरपासून राखते. ती पाच वर्षं घेतली की अस्तराच्या कॅन्सरची शक्यता सुमारे पाव हिश्श्यानं कमी होते आणि गोळी बंद केल्यावरही हा फायदा अनेक वर्षं टिकतो. गोळी कुणी घ्यावी आणि कुणी टाळावी, हे रक्तदाब आणि इतर आजार पाहून डॉक्टरांनीच ठरवायचं.

११. आशाताईंच्या पिशवीतली 'छाया'

गावात आशाताई गर्भनिरोधनासाठी 'छाया' गोळ्या देतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, अशी ती घ्यायची. तिच्यातलं ओरमेलॉक्सिफीन हे औषध आपल्याच देशातलं आहे, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेलं. १९९१ मध्ये ते 'सहेली' या नावानं बाजारात आलं. त्यात संप्रेरक अजिबात नाही. ते इस्ट्रोजेनच्या ग्राहक-प्रथिनावर जाऊन बसतं आणि गर्भाशयात इस्ट्रोजेनचं काम अडवतं. पाळीत खूप अंगावरून जात असेल तर डॉक्टर हेच औषध उपचार म्हणूनही देतात.

याच जातीचं टॅमॉक्सिफेन मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी वागतं. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये ते गर्भनिरोधक म्हणून शोधलं जात होतं. ते जमलं नाही, आणि पुढे स्तनाच्या कॅन्सरवर ते मोठं औषध ठरलं. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवतं, पण गर्भाशयाच्या अस्तरात थोडंफार इस्ट्रोजेनसारखंच काम करतं. म्हणून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर डॉक्टरांना लगेच सांगायचं. गोळी मात्र मनानं बंद करायची नाही.

१२. संप्रेरकच औषध होतं

१९६१ मध्ये रिटा केली आणि विल्यम बेकर या अमेरिकन डॉक्टरांनी शरीरात पसरलेल्या अस्तराच्या कॅन्सरवर प्रोजेस्टेरॉनसारखी औषधं देऊन पाहिली. जवळजवळ एक तृतीयांश रुग्णांच्या गाठी आटल्या. आज काही तरुण स्त्रियांमध्ये, अगदी सुरुवातीच्या आणि सौम्य प्रकारच्या कॅन्सरमध्ये, बारीक देखरेखीखाली प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा हे संप्रेरक सोडणारी तांबी वापरतात. त्यातून आजार मागे हटतो आणि त्यांच्यातल्या काही जणी पुढे आईही होतात. कॅन्सर झालेली पेशीसुद्धा 'थांब' हा हुकूम ऐकू शकते, याची ही मोठी साक्ष आहे.

१३. पुण्याची मुलगी आणि मुंबईतल्या बाटल्यांमधल्या पेशी

कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज ओटो गाय यांच्याकडे काम केलं. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून १९५१ मध्ये हेला नावाच्या अमर पेशी वाढवणारी प्रयोगशाळा ती हीच. मुंबईत परतून रणदिवे यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. संप्रेरकं, गाठी आणणारे विषाणू आणि कॅन्सरची प्रवृत्ती यांचं एकमेकांशी काय नातं आहे, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. विज्ञान शिकणाऱ्या जालन्याच्या प्रत्येक मुलीला हे नाव ठाऊक असायला हवं.

१४. कॅन्सर दोन, रस्ते दोन

बोलताना आपण सरसकट 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतो, पण आजार दोन आहेत. आतल्या अस्तराचा कॅन्सर बहुतेकदा संप्रेरकांच्या बिघाडातून येतो. पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा दुसरा कॅन्सर होतो.

त्याच्या तपासणीचा जगाला दिशा देणारा पुरावा मराठवाड्यातल्याच बायकांनी दिला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला आणि २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीनं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. या विषाणूवरची 'सर्व्हावॅक' ही भारतीय लसही पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. लस आणि तपासणी हे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरचे उपाय आहेत. अस्तराच्या कॅन्सरसाठी लक्ष ठेवायचं ते रक्तस्रावावर.

१५. पिशवी काढायची घाई कशाला?

कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या बीडमधून निघतात, तशा जालन्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा भागांतूनही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. अनेकींचं वय चाळिशीच्याही आत होतं, आणि 'गाठ आहे, कॅन्सर होईल' ही भीती कितीतरी जणींना घातली गेली होती. या बायकांवर मोठा अन्याय झाला आहे.

म्हणून खरं काय ते स्पष्ट सांगायला हवं. गर्भाशयातल्या साध्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनवर वाढतात. पाळी गेली की त्या बहुधा आटतात आणि त्यांचा कॅन्सर होणं अत्यंत दुर्मीळ असतं. अंगावरून पांढरं जाणं हे बऱ्याचदा जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि ते औषधानं बरं होतं. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम खूप कमी होतं. मग अंगातून वाफा येतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. शस्त्रक्रियेआधी सोनोग्राफी झाली का, अस्तराचा तुकडा तपासला का, औषधानं भागणार नाही का, हे तीन प्रश्न विचारायचा हक्क प्रत्येक बाईला आहे. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचाही.

आणि सगळ्यांत कामाची गोष्ट: चार मिलिमीटर

पाळी जाऊन वर्ष उलटलं आणि पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर असलं तरी, डॉक्टरकडे जायचं. 'उष्णता झाली असेल' म्हणून धण्याचं पाणी पीत घरी बसायचं नाही. डॉक्टर आधी आतून सोनोग्राफी करतात. पडद्यावर अस्तराची एक उजळ पट्टी दिसते आणि तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. पट्टी चार मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असेल तर कॅन्सरची शक्यता फारच कमी. त्याहून जाड असेल, किंवा रक्त पुन्हापुन्हा जात असेल, तर बारीक नळीनं अस्तराचा छोटा नमुना घेऊन तपासतात. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या दहा जणींपैकी साधारण नऊ जणींना कॅन्सर नसतो. आणि ज्यांना अस्तराचा कॅन्सर असतो, त्यांच्यातल्या जवळपास दहापैकी नऊ जणींना रक्तस्राव झालेला असतो. म्हणजे हा आजार बहुतेकदा आधी वर्दी देतो, आणि त्या वर्दीवर तपासणी झाली तर तो पहिल्याच टप्प्यात सापडतो. तेव्हा उपचार घेतलेल्या बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

तपासणीची सुरुवात जालन्याच्या शासकीय स्त्री रुग्णालयात होऊ शकते. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. घरातल्या आईला, सासूबाईंना, मावशीला, काकूला आज एवढंच विचारा: "पाळी गेल्यावर परत कधी अंगावरून गेलं का?" हो म्हणाल्या, तर याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात घेऊन जा.